भूमिकाच्या स्कूटरचा चौथा बल्ब

१ फेब्रुवारी, रविवार
आजपासून तेल बंद. संपूर्ण. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉलपुढचा बाण वर गेलाय आणि आमच्या हिने, विमलने, तो शेजारणीलाही दाखवला. पण बत्तीस वर्षं धाटावला कंपनीच्या स्टोअरमध्ये शिस्तीत काढलेला माणूस मी. जिभेवर ताबा ठेवणं मला काय अवघड?

दुसरं. भूमिकाच्या स्कूटरचा हेडलाइट गेला. पोरगी नुकतीच रोह्याजवळ धाटावच्याच एका लॅबमध्ये लागलीय, सहा महिने प्रोबेशन, फर्स्ट शिफ्ट. रामवाडीतून साडेपाचला निघते. निम्म्याहून जास्त रस्ता काळोखात. अय्यूबभाईच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून बल्ब आणला. तो म्हणाला, लावून देतो. मी म्हटलं, आयुष्यभर बल्बच हाताळले. (खरं तर बल्बची खोकी. पण अनुभव तो अनुभव.) खोक्यावर हाताचं चित्र, त्यावर फुली. म्हणजे अडाण्याने हात लावू नये. मी लावला. वीस मिनिटांत काम फत्ते.

घरात पोह्याच्या पापडांची ऑर्डर चालू आहे. कामाआधी ताकद म्हणून चार लाट्या खाल्ल्या. कच्च्या तेलात बुडवून, कारण कोरडी लाटी खाणं हा विमलच्या कष्टांचा अपमान. ती गच्चीवर होती. उद्यापासून बंद.

४ फेब्रुवारी
बल्ब उडाला! तीन दिवसांत! नागोठण्याच्या पुढे. भूमिका एका ट्रकच्या उजेडात त्याच्या मागोमाग रोह्याला पोचली. लेट मार्क.

अय्यूबभाईने एक शब्द न बोलता बदलून दिला. न बोलता का? विचार करण्यासारखं आहे.

संभाव्य कारणं लिहून काढली: खड्डे. व्होल्टेज. हल्लीच्या गाड्यांचा दिवा दिवसाही चालू राहतो, ते. आणि अय्यूबभाई.

दुसरा बल्ब मीच लावला. हात स्वच्छ पुसून, खिशातल्याच रुमालाला. (लाट्या तीन. प्रगती आहे.)

९ फेब्रुवारी
दुसराही गेला. नाक्यावर चहा पिताना बोलून गेलो की अय्यूब डुप्लिकेट माल ठेवतो. अगदी खाजगीत. चौघांनाच. रिक्षावाला धनेश म्हणाला, तरीच माझा इंडिकेटर गेला.

घरी येताना जरा टोचलं. विमलच्या ऑपरेशनला याच अय्यूबने दुकान बंद ठेवून गाडी काढली होती. पण ते वेगळं, बल्ब वेगळा. तत्त्व म्हणून बोललो.

तिसरा बल्ब भूमिकाला रोह्यातून आणायला सांगितला. शास्त्रीय प्रयोग. हाही गेला तर अय्यूब निर्दोष.

१६ फेब्रुवारी, सोमवार
गेला. म्हणजे अय्यूबचा सप्लायर रोह्यालाही माल देतो.

हे वाक्य लिहून पुन्हा खोडलं. कारण खरी बातमी ती नाही. निडी गावाजवळ दिवा गेला, खड्डा दिसला नाही आणि पोरगी पडली. हेल्मेट होतं म्हणून. कोपर सोलवटलंय, गुडघा सुजलाय. दुसरा लेट मार्क. तिसरा झाला तर प्रोबेशन वाढणार.

विमल रडायला लागली तर तिलाच म्हणते, काय नाय गो आई, खरचटलंय फक्त. मला म्हणाली, बाबा, तुम्ही नका टेन्शन घेऊ. मला तिच्या कोपराकडे बघवेना. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो.

शपथ: तेल, लाट्या, नाक्यावरच्या गप्पा, सगळं बंद.

संध्याकाळी ६
चौथा बल्ब लावला, जीव ओतून. उपाशीपोटी काम नीट होत नाही, म्हणून दोनच लाट्या. औषध म्हणून.

२५ फेब्रुवारी
नऊ दिवस झाले! दिवा चालू! मागचा कनेक्टर मी दाबून बसवला, तिथेच सगळी मेख होती. नाक्यावर समजावून सांगितलं. अय्यूबभाईच्या दुकानातही गेलो आणि म्हटलं, माल तपासून घेत जा. त्याने मान डोलावली आणि चहा मागवला. मोठ्या मनाने प्यायलो.

२७ फेब्रुवारी
पीयूसीचा कागद शोधायला स्कूटरची डिकी उघडली. तळाशी वर्तमानपत्राची पुडी. आत बल्ब. माझा, चौथा. जळलेला नाही. काचेवर अंगठा, पूर्ण, तेलकट, आधार कार्डाला चालेल असा. शेजारी पापडाच्या पिठाचा कण.

तसाच अय्यूबकडे गेलो. पुडी बघून त्याने स्टूल पुढे केलं. म्हणाला, सोळा तारखेला दिवेलागणीला पोरगी लंगडत आली. चाचा, हा बल्ब काढा आणि तुमच्या हाताने दुसरा लावा, म्हणाली. तिला लॅबमध्ये शिकवलंय, तापणाऱ्या काचेला बोट लावायचं नाय. तेल लागलं की काच तिथेच जास्त तापते आणि बल्ब उडतो. खोक्यावर चित्रसुद्धा हाय. मग म्हणाली, बाबांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. आणि आईला तर नकोच, लाट्यांवरून घर डोक्यावर घेईल.

मी म्हटलं, मग तू परवा बोलला का नाहीस?

म्हणाला, पोरीला शब्द दिलेला. मी कुणाला नाय सांगितलं, हिरामणभाऊ. तुम्ही मात्र नाक्यावर सगळ्यांना सांगितलंत.

पुडी खिशात घातली आणि घरी आलो.

२८ फेब्रुवारी
नाक्यावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. अय्यूबचा माल चोख आहे, बोटं माझी तेलकट होती, पोरगी माझ्यामुळे पडली. धनेश इतका हसला की चहा सांडला. अय्यूब दुकानातून बघत होता. हसला नाही. हात वर केला फक्त.

घरी पोचेपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. ताटात उकडलेला दुधी. तेलाचा डबा कपाटात, किल्ली तिच्या कमरेला.

२ मार्च, सोमवार, पहाटे ५.४०
भूमिका निघाली. मी विचारलं, काही करू का? तिने हेल्मेट घातलं. म्हणाली, बाबा, फाटक उघडाल?

उघडलं. आधी हात साबणाने धुऊन आलो. दोनदा.