उडालेलं मँगनीज

अण्णा, गेल्या मंगळवारी लॅबमधल्या तिनं मला विचारलं, "तुझे वडील याच भट्टीवर होते ना? चालताना अडखळायचे का रे?" आणि तिथंच माझं सगळं उलटंपालटं झालं. ती माझी कोण, हे तुम्हाला कसं ठाऊक असणार. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली. ती इथं लागली म्हणून मी इंजिनियरिंग अर्धवट टाकून तुमच्याच फाउंड्रीत आलो. त्या दिवशी तिनं तपासलेल्या नमुन्यात मँगनीज पुन्हा कमी भरलं. सुपरवायझर म्हणाला, "थोडं उडतंच. म्हणून तर आपण वरनं जास्त टाकतो." तिनं विचारलं, "उडून जातं कुठं?" तो हसला. "आकाशात, अम्मा!" आकाशात कुठलं! वितळलेल्या धातूतनं निघतं, हवा लागली की त्याचा तपकिरी धूर होतो आणि पत्र्याखाली आमच्या नाकासमोर तरंगतो. त्यात ओतताना पंखा बंद. वाऱ्यानं जास्त उडतं म्हणे. माल वाचवायचा, माणसं हुंगू देत. "वर्षानुवर्षं हा धूर घेतला की हात कापतात, चेहरा दगडासारखा होतो, तोल जातो," ती म्हणाली. "दारूचा थेंब न घेता."

आपल्या चामराजपेटच्या घरी, स्वयंपाकघरात तुम्ही जेवायला बसलाय. मी बारा वर्षांचा. तुमचा हात कापतोय, भातावरचं पातळ सारू ताटाबाहेर सांडतंय. मी ओरडतो, "आजही पिऊन आलात?" आई म्हणते, "गप रे." तुम्ही रागवत नाही, चेहरा हलतच नाही, आणि मला वाटतं, काय निर्लज्ज माणूस आहे. मग तुम्ही खिशातनं कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा काढून माझ्यापुढे ठेवता. छाती साफ राहावी म्हणून पाळी सुटताना भट्टीवाल्यांना देतात तो. तुमच्या वाटणीचा, रोज मी खाल्लेला. आता तो माझ्या हातावर ठेवतात. पंख्याऐवजी गूळ! थू!

काल मी पंखा लावला. सुपरवायझरनं बंद केला. "तुझे अण्णा इतकी वर्षं उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तू कोण मोठा लागून गेलास?" मी त्याची गचांडी धरली. तिनं मला बाहेर ओढलं. "मारामारीनं धूर जातो का? तू या भट्टीवर राहणार असशील तर मी तुझ्याबरोबर नाही. तुला घास भरवत म्हातारी व्हायचं नाहीये मला."

आत्ता कपडे बदलायच्या खोलीत बसून हे लिहितोय. बाहेरनं सुपरवायझर हाका मारतोय, "बारो, ये लवकर, ओतायचंय!" तुमच्यासाठी नोकरी सोडतोय, असं लिहिणार होतो. शोभून दिसलं असतं. पण खोटं आहे, अण्णा. तुमचं सगळं कळल्यावरही मी आठवडाभर तिथंच उभा राहिलो, कारण भट्टीपासनं लॅबची काच दिसते. आज सोडतोय ते ती मला सोडून जाईल म्हणून.

हे कुणाला पाठवायचं नाहीच. हातमोजे बाकावर ठेवले. आता उठतो, बाहेर पडतो आणि हे दार मागं ओढून घेतो.