नानांच्या सेटमधली नावं

जळगाव, रविवार, मार्च १९९९

नानांचा वायरलेस सेट मी कॉम्प्युटरच्या केबलला जोडलाच कशाला? दिवाळीनंतर नाना गेले. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा वायरलेस, त्यांनीच शिकवला मला. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सेट फक्त बॅटरी बदलायला दिला होता.

कॉम्प्युटरवर लिनक्सची नवी आवृत्ती टाकल्यापासून सेटमध्ये चॅनल भरायचा प्रोग्राम चालत नव्हता. आज दुपारभर खपून तो पुन्हा बसवला आणि चाचणीला हाताशी नानांचाच सेट होता. केबलची पिन सैल, म्हणून नानांनी तिच्यात काडेपेटीचा तुकडा खोचलेला. तो अजून तसाच.

आधी सेटमधलं वाचून घ्यायचं, मगच लिहायचं. नानांनी वीसदा बजावलं असेल. आणि मी हुरळून थेट लिहायची आज्ञा दिली. कोरी यादी सेटमध्ये गेली आणि आतलं सगळं पुसलं गेलं. प्रत्येक चॅनलला त्यांनी आपल्या एकेका माणसाचं नाव दिलं होतं. पहिलं अक्कांचं.

संध्याकाळी अक्का सेट न्यायला धुळ्याहून एसटीने आल्या. सेट हातात घेऊन म्हणाल्या, "बठ्ठं शे ना त्यामा, भाऊ?" सगळं आहे ना त्यात, असं त्यांच्या अहिराणीत.

"शे, अक्का."

सेटवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. ते माहीत होतं, म्हणूनच एवढं पटकन बोललो.

केबलमधला काडेपेटीचा तुकडा अजून काढवत नाही.