कागदावरचं चौथं कलम

मेडशी,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. संस्कृतीस आबाचा आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे. तुझी आजी खुशाल आहे, तिचे गुडघे तेवढे कुरकुरतात. तूर घरात आली, हरभरा सोंगायला अजून आठवडा आहे. हातात फोन असताना आबाला पत्राचं काय सुचलं म्हणून तू हसशील. पण फोनवर तू पहिल्यांदा ‘बिस्किटला दाखवा’ म्हणतेस आणि माझं बोलणं तिथंच अडतं. राजपाल आज ट्रॅव्हल्स घेऊन पुण्याला निघाला आहे, त्याच्याच हाती हे देतो. सकाळी तुला मिळेल.

तुझ्या खोलीवाल्याला कुत्रं चालत नाही म्हणून दसऱ्याला तू बिस्किटला इथं ठेवून गेलीस, तेव्हा मला एक कागद दिला होतास. कुत्र्याला मोकळं सोडायची जागा कशी निवडावी, त्याची पाच कलमं. रस्ता जवळ नसावा. पाणी असावं. भांडखोर कुत्री नसावीत. सोडण्याआधी आपण ती जागा स्वतः पायी फिरून पाहावी. आणि हाक मारल्यावर येतो का, हे रोज तपासावं. मुलगी बघायला जाताना लोक इतक्या चौकशा करत नाहीत, असं मी आजीला म्हणालो. पण तो कागद खिशात घालून मी खरंच गावभर फिरलो.

शाळेचं पटांगण मोठं आहे, पण फाटक मोडलेलं आणि पलीकडे हायवेचे ट्रक. पाझर तलावाला पाणी होतं, तर काठावर मेंढपाळाची चार कुत्री बसलेली, नजर चांगली नव्हती त्यांची. जंगलाकडची पायवाट मला फार आवडली. अर्धा कोस चालून पाहिली तेव्हा चिखलात बिबट्याचा पंजा उमटलेला दिसला, तसाच माघारी आलो. बाकी जिकडे तिकडे उभी पिकं. म्हणून साडेतीन महिने तो पंधरा फुटांच्या दोरीवर होता. ओढायचा असा की शेजारच्या शेतातला देवमन रोज विचारायचा, “मारोतराव, तुमी कुत्र्याले फिरवून राह्यले का कुत्रं तुमाले?”

मी उलंगवाडीची वाट बघत होतो. तुम्हा पोरांना हा शब्द ठाऊक नसेल. माल घरी आला की शेत सगळ्यांना मोकळं होतं, कोणाचंही जनावर फिरलं तरी कोणी हटकत नाही, ती उलंगवाडी. महिन्याच्या सुरुवातीला आपली तूर निघाली. मधल्या पट्ट्यातली धसकटं मी दोन दिवस बसून उपटली, त्याच्या पायाला टोचू नयेत म्हणून. मग दोरी सोडली.

संस्कृती, ते तू पाहायला हवं होतंस. आधी त्याला कळलंच नाही की दोरी नाही. चार पावलं चालून माझ्याकडे वळून पाहिलं. मग जो सुटला! शेताला सहा वेढे घातले आणि माझ्या पायावर येऊन पडला, जीभ हातभर बाहेर. आठ दिवस रोज असंच चाललं. हाक मारली की यायचा. मी आजीला म्हणालो, पाचही कलमं पास.

त्याला लागलं आहे. गेल्या गुरुवारी. मागचा उजवा पाय तारेत अडकला. मोटरसायकलच्या क्लचची तार असते, तिचा फास करून डुकरांसाठी लावतात. जितकं ओढावं तितकी आवळते, आणि तो ओढत राहिला. देवमनने त्याच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि पकडीने तार तोडली. गावात मलमपट्टी केली, पण पाय काळा पडत गेला. सोमवारी अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, पाय वरून कापावा लागेल, नाहीतर विष अंगात चढेल. मालकाची सही पाहिजे. मी म्हणालो, मालक माझी नात आहे. शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाले. त्यानंतर तुझे दोन व्हिडिओ कॉल आले. दोन्ही वेळा मी त्याच्यावर गोधडी टाकून फक्त तोंड दाखवलं, आणि तू म्हणालीस, किती शहाणा झाला.

तार कोणी लावली, देवमनने विचारलं. मी म्हणालो, असेल कोणी शिकारी. आजी सगळं ऐकत होती. घरी आल्यावर तिने माझ्यासमोर कोरे कागद ठेवले. म्हणाली, “पोरीले खोटं नोका सांगू. ते लंगडं होऊनबी जगन. तुमी असे किती दिवस जगसान?”

तार मी लावली होती. दिवाळीनंतर डुकरांनी तूर लोळवली, तेव्हा धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच्या कुंपणाला जिथं जिथं खिंडार होतं तिथं मी चार फास लावले. कायद्याने बंदी आहे हे माहीत असून लावले. तूर निघाल्यावर तीन काढले. चौथा गवतात दिसला नाही, आणि तोही काढला असं मी मनाशी धरून चाललो. तुझं चौथं कलम होतं, स्वतः फिरून पाहावं. मी शाळा पाहिली, तलाव पाहिला, जंगल पाहिलं. आपलं शेत काय पाहायचं? चाळीस वर्षं राबलो त्यात. धुऱ्यावरून एक चक्कर मारली असती तर पुरलं असतं.

आणि ज्याने मला झोप नाही ते आता लिहितो. तो धुऱ्यापलीकडे गेला होता. मी हाक मारली. एरवी तो वळसा घालून आला असता, पण मी बोलावलं म्हणून तो त्या चौथ्या फासाच्या खिंडारातून सरळ आला.

आता माझ्या पायाशीच पडला आहे. मघाशी खुंटीवरची दोरी जरा हलली तर तीन पायांवर उभा राहिला, फिरायला निघालो असं वाटून. माझा हात चाटतो. तो चाटतो ते मला सहन होत नाही.

पाय कापावा असं मी दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं. माझ्याने होत नाही, पोरी. तू सांग. डॉक्टरांचा नंबर कागदामागे लिहिला आहे, त्यांना आधी फोन कर. मला नंतर कर, आणि नाही केलास तरी मी समजेन.

ज्याने तार लावली आणि ज्याने हाक मारली तो,
तुझा आबा