कंट्रोलची प्लेट

११ जानेवारी

जमलं! आठ महिने ज्या औषधावर डोकं आपटलं, त्यानं कॅन्सरच्या पेशी जागच्या जागी थांबवल्या. एरवी या पेशी एन्झाइम सोडतात, भोवतालचं प्रोटीनचं जाळं कातरतात आणि पुढे घुसतात. कंट्रोलच्या प्लेटमध्ये, म्हणजे बिनऔषधाच्या, जाळ्याला भोकंच भोकं. औषधाच्या प्लेटमध्ये एकही नाही! माझ्याबरोबर काम करणाऱ्या रम्यानं लॅबभर म्हैसूरपाक वाटला.

१९ जानेवारी

आप्पांच्या जिभेच्या कडेचा फोड बरा होत नव्हता. कॅन्सर निघाला. डॉ. हयवदन म्हणाले, दोन आठवड्यांत ऑपरेशन करू, अर्धी जीभ काढावी लागेल. अर्धी जीभ! आप्पांची! सरकारी कारखान्यात टेस्टिंगला चौतीस वर्षं काढली, साहेबांना बोलून बोलून दमवलं, तो माणूस. 

२१ जानेवारी

मूर्ख मी. महामूर्ख. आप्पांना जरा बरं वाटावं म्हणून जेवताना माझ्या प्रयोगाचा आलेख दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि मग एकदम टेस्टिंगवाले झाले. कंट्रोल घेतला होतास ना? किती वेळा केलंस? मीही तोंड वर करून सांगितलं — घेतला, तीनदा केलं. हे नुसतं प्लेटमधलं आहे, अशी औषधं पूर्वी माणसांवर सपशेल फसलीत, हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं — सांगवलं नाही.

२ फेब्रुवारी

आप्पांनी ऑपरेशन पुढे ढकललं. परस्पर! आईनं सांगितलं, डॉक्टरांना म्हणाले मुलीचं औषध येतंय, महिनाभर थांबतो. मी भांडले, रडले, मागच्या वेळी गिळलेलं सगळं बोलून टाकलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझी भीती बोलतेय. आकडे वेगळं सांगतात." माझा आलेख त्यांच्या रिपोर्टच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावलाय.

९ फेब्रुवारी

आज परत सांगितलं. ढिम्म.

२० फेब्रुवारी

रम्यानं औषधाचं द्रावण स्वतः नव्यानं बनवून तोच प्रयोग केला. औषध असूनही पेशी खुशाल जाळं कातरत सुटल्या. दुपारपर्यंत मी तिच्यावरच चिडचिड करत होते. मग माझी वही काढली.

मी औषध ज्या द्रावणात विरघळवलं होतं, त्यात ईडीटीए नावाचं रसायन होतं, रम्याच्या द्रावणात नव्हतं. या एन्झाइमना चालायला जस्त आणि कॅल्शियम लागतं, ईडीटीए नेमकं तेच ओढून घेतं. म्हणजे एन्झाइम त्यानंच बंद पाडले होते. औषधानं काही म्हणता काही केलं नव्हतं! आणि कंट्रोलच्या प्लेटमध्ये मी घातलं होतं नुसतं खारं पाणी. दोन्हीकडे द्रावण एकच हवं, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. तीनदा केलं म्हणे. तीनदा तीच चूक केली.

२१ फेब्रुवारी

घरी येताना बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास वाक्यं जुळवत होते. एकही वापरता आलं नाही. आप्पांपुढे वही ठेवली आणि बोट ठेवून दोन ओळी वाचल्या — औषध कशात, कंट्रोल कशात. त्यांना कळायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

रागवायला हवं होतं हो! रागावले नाहीत. फाइलमधून आलेख काढला, लाल पेनानं आडवं ‘रद्द’ लिहिलं, खाली सही, तारीख. कारखान्यात चुकलेल्या रिपोर्टवर असंच करायचे. मग म्हणाले, "हयवदनना फोन लाव. म्हणावं, मी तयार आहे." हे बोलतानाही जीभ अडखळत होती. आईनं कॉफी केली, मी फोन लावला.

२५ फेब्रुवारी

ऑपरेशनआधीचा नवीन स्कॅन झाला. रिपोर्ट परवा. आप्पा म्हणाले, आवाज आहे तोवर रेकॉर्ड करून ठेव. दुपारभर कारखान्यातले किस्से सांगितले, मध्ये मध्ये पाणी पीत. दोन किस्से अर्धवट राहिले. मी फोन धरून बसले होते, दुसरं काय येतं मला?

२७ फेब्रुवारी

ऑपरेशन होणार नाही. गाठ मानेत उतरलीय, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला सगळीकडून वेढून बसलीय. डॉ. हयवदन हे सगळं माझ्याकडे बघून सांगत होते, मला समजतं म्हणून. आप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "चला, जीभ राहिली."