गाण्यात नसलेली सकाळ

३ मार्च
फजिती! व्यसनमुक्ती केंद्रातला माझा पहिला गाण्याचा तास, आणि मी लावलं दादाच्या रॉक बँडचं गाणं. सोनेरी सुई, धूर, नशेत जळून मरणारा गायक, शेवटी किंकाळी. वाटलं, परिणाम ऐकून माणसं हादरतील. उपचारासाठी भरती असलेले वेल्डरकाका म्हणाले, "ताई, बंद करा. तोंडाला पाणी सुटतंय!" सगळे हसले. दोघे मात्र तलफ आवरेना म्हणून उठून बाहेर गेले.
डॉक्टरबाई म्हणाल्या, "अगं, ही तर जाहिरात झाली!"
तास बंद करणार नाही. शिकेन.

४ मार्च
दादाला विचारलं — तुझ्या गाण्यांत उलटी का नसते?
"उलटीला चाल बसत नाही गं, चिमणे."
मग आई रोज सकाळी तुझ्या खोलीत काय पुसते?
त्यानं दार आपटलं. "फक्त शनिवारी घेतो" म्हणत वर्ष गेलं. सुयांच्या खुणांनी भरलेले त्याचे हात बघवत नाहीत.
बाहेर आई शेजारणीला सांगत होती, "आमची बीए झाली, आता केंद्रात साहेब आहे!" घरातली पहिली पदवी माझी, आणि घरातलाच माणूस हातून निसटतोय. नाही निसटू देणार!

९ मार्च
आज गाणं वाजवलं नाही, नुसते शब्द वाचले. शेवटचं कडवं सोडून दिलं. असल्या गाण्यांत माणूस उडतो नाहीतर मरतो — सकाळी उठत कधीच नाही. म्हणून विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं?
वेल्डरकाका म्हणाले, "मी दारात पडलो होतो. पोरगी मला ओलांडून शाळेत गेली. दप्तर मला लागू नये म्हणून वर उचलून धरलं तिनं."
कुणी हसलं नाही.

१० मार्च
काकांना विचारून ते दादाला सांगितलं. तो गिटारची तार जुळवत राहिला. एकच तार, कितीतरी वेळ.

१४ मार्च
बँडची तालीम. दादानं ती सकाळ गाण्यात घातलीय! किंकाळी काढून टाकली. ड्रमर कुरकुरला, "अरे, यावर लोक नाचणार कसे?"
"नको नाचू देत."
पुन्हा म्हणायला गेला, तर दप्तराच्या ओळीपाशीच थांबला. गिटार खाली ठेवून भिंतीला टेकून बसला. मी शेजारी बसले.

१६ मार्च
दादा आपल्या पायांनी केंद्रात भरती झाला. केंद्राचा नियम आहे, रुग्णाच्या नातेवाइकाला तिथं नोकरी करता येत नाही. मी राजीनामा दिला. आईला कुठलं आधी सांगू?