प्रूडन्सला आवडलेलं गाणं

बेलफर्ड, अलाबामा
ऑगस्ट, भर दुपार, पंखा बंद

तीर्थस्वरूप व्हर्नेल आत्यास,

ओरेनचा टोपी काढून नमस्कार. (टोपी जांभळीच आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना तेवढं ध्यानात असू दे.)

तुझा गुडघा कसा आहे? अंजिरं यंदा खारींनी खाल्ली की तुझ्या हाती थोडीफार लागली? मागच्या वेळी दिलेला मुरंबा मी काटकसरीने खातोय, म्हणजे बरणी केव्हाच संपली. इकडे सगळं ठीक आहे. गुडघा दुखत असेल तर कृपा करून हे पत्र बसून वाच. दुखत नसला तरी बसूनच वाच.

गेले काही रविवार मी चर्चमध्ये दिसलो नाही, हे पाद्री क्रेनशॉंनी तुझ्या कानावर घातलंच असेल. त्यावरून तू काय ताडलंस तेही मला कळलं, कारण तू ते लामारच्या बायकोला सांगितलंस, आणि लामारच्या बायकोला सांगणं म्हणजे गावच्या पाण्याच्या टाकीवर मोठ्या अक्षरांत रंगवणं. ओरेन दारू प्यायला लागला, नाहीतर बेकरीवाल्या विधवेच्या नादी लागला. आत्या, मी थेंबाला शिवलेलो नाही, आणि बेकरीवाली मला सुटे पैसे देतानासुद्धा दुसरीकडे बघते. खरी गोष्ट याहून वाईट आहे. मी रविवारी, सगळं गाव चर्चमध्ये बसलेलं असताना, गाडीच्या नंबरप्लेटला चिखल फासून नदीपलीकडे जातो.

थांब. पत्र फाडू नकोस. आपल्या घराची रीत मी विसरलेलो नाही. टोकोवा स्टेटचं नाव आपल्या घरात कधी निघालं नाही. निघालंच तर ‘ते नदीपलीकडचं कॉलेज’ एवढंच, आणि तेही मुलं झोपल्यावर. गाजरं त्यांच्या रंगाची, नारिंगी असतात म्हणून आजोबांनी ती लावणं सोडलं होतं. (रताळ्याला सूट मिळाली, कारण ते निदान बाहेरून तरी सभ्य दिसतं.) आपल्या लामारने त्यांच्यातली मुलगी केली तेव्हा चर्चमधली मधली वाट म्हणजे नदीच झाली होती, अलीकडे जांभळे, पलीकडे नारिंगी, आणि पाद्री बिचारे पुलावर उभे. तू लग्नाला आलीस, जेवलीस, नवरीला कुरवाळलंस, पण अर्ध्या नारिंगी केककडे जी पाठ केलीस ती शेवटपर्यंत. हे सगळं मला पाठ आहे. ते म्हणतात, आपल्या मेरिवेदर कॉलेजच्या लोकांना पुस्तकं वाचता येतात, गुणफलक तेवढा वाचवत नाही. आपण म्हणतो, त्यांच्याकडे पदवीबरोबर चाऱ्याची पेंढी देतात आणि पुष्कळजण पेंढीच भिंतीवर लावतात. हे चालायचंच. मी काही धर्म बदललेला नाही.

उलट यंदा तर मी नेहमीपेक्षा जास्त श्रद्धाळू आहे. ऑगस्ट हा आपला महिना. ऑगस्टमध्ये आपला फुटबॉलचा संघ आजवर एकदाही हरलेला नाही. (सामने सप्टेंबरात सुरू होतात हे लामार मुद्दाम सांगतो, पण त्याचं लग्न कुठे झालंय ते बघ.) नवा प्रशिक्षक बोलतो फार छान. गेल्या वर्षी ज्या पोराने चेंडू काखेत मारला आणि जीव खाऊन उलट्या दिशेला पळाला, त्याला म्हणे उन्हाळाभर दिशा शिकवल्या आहेत. फक्त वेळापत्रकवाल्यांना काय अवदसा आठवली देव जाणे, टोकोवाशी होणारी आपली लढत, जी जन्मभर नोव्हेंबरात झाली, ती त्यांनी यंदा पहिल्याच शनिवारी ठेवली. तीही त्यांच्या मैदानावर. आणि तिथूनच माझं दुर्दैव सुरू होतं.

हॉलिस टर्नबो हे नाव तुला माहीत असण्याचं कारण नाही. टोकोवाचं जे खेचर सामन्याआधी मैदानाला फेरी मारतं, ते सांभाळणारा हा माणूस. त्याच्या बुटाच्या नाड्यासुद्धा नारिंगी आहेत. हा जुलैत एक दिवस माझ्या जनावरांच्या दवाखान्याच्या मागच्या दाराने आत आला, टोपी हातात घेऊन. मला वाटलं, भांडायला आला.

“डॉक्टर, प्रूडन्स खात नाही,” तो म्हणाला. (प्रूडन्स म्हणजे ते खेचर. मादी आहे, वयस्क आहे, आणि नावाप्रमाणे शहाणी आहे.)

मी म्हटलं, “तुमच्याकडे जनावरांच्या डॉक्टरांचं अख्खं कॉलेज आहे की.”

“सगळ्यांनी बघितलं. सगळे म्हणतात, ती अगदी ठणठणीत आहे. ठणठणीत आहे, फक्त मरायला टेकलीय.”

“हॉलिस, मी कुठल्या बाजूचा आहे हे ठाऊक आहे ना तुला?”

“मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “खेचराला ठाऊक नाही.”

मी येतो म्हटलं. रविवारी, प्रवचनाच्या वेळी, म्हणजे कोणी बघणार नाही.

प्रूडन्स तबेल्याच्या कोपऱ्यात भिंतीला तोंड करून उभी होती. मी दात बघितले, पोट ऐकलं, खूर बघितले. खरंच काही नव्हतं. मग हॉलिसने सांगितलं की तिच्याबरोबर एक बकरी राहायची, मिल्ड्रेड नावाची. वसंतात ती मेली. मिल्ड्रेड पुढे चालायची, प्रूडन्स मागे. मैदानाची फेरीसुद्धा तशीच. लोकांना वाटायचं की खेचर मोठ्या डौलात चाललंय. ते आपलं बकरीच्या मागे चाललेलं असायचं. बकरी गेल्यावर हिने भिंतीकडे तोंड केलं ते केलं. आत्या, मी तिथे खूर हातात धरून तसाच बसून राहिलो. माझी नडीन गेल्यानंतर पहिल्या हिवाळ्यात मी कुठे तोंड करून बसायचो ते तू बघितलेलं आहेस.

आणि मग काय झालं ते ऐक. नडीन गेल्यापासून मी गुणगुणणं सोडलं होतं, हे तूच मला बोलून दाखवलंस, आणि एकदा नाही. त्या दिवशी खूर तासता तासता ते कसं तोंडात आलं कळलं नाही. आणि आलं ते काय आलं? आपलं गाणं. ‘टेकडीवरची घंटा बोले, जागे व्हा रे मेरिवेदर’. पहिल्या कडव्याला प्रूडन्सचे कान हलले. दुसऱ्याला, जिथे आपण टोकोवाला नदीच्या गाळात लोळवतो ना, नेमक्या त्या ओळीला तिने मान वळवली, बादलीत तोंड घातलं आणि कचाकचा ओट खायला लागली.

हॉलिस उलट्या बादलीवर खाली बसला. मग अगदी हळू म्हणाला, “डॉक्टर, दुसरं काही येत नाही का हो तुम्हाला?”

मी सगळं करून बघितलं. दोन स्तोत्रं म्हटली, ख्रिसमसचं एक गाणं म्हटलं. हॉलिसने स्वतः छातीवर हात ठेवून टोकोवाचं गाणं म्हटलं, तर प्रूडन्सने त्याच्याकडे शेपूट केली. माझा आपला अंदाज असा आहे की त्यांचं गाणं म्हणजे तव्यावर हातोडा. आपलं लिहिलं गेलं विजयगीत म्हणून, पण चाल पहिल्यापासून अंगाईची. (आपला गुणफलक बघता तीच योग्य आहे, पण हे मी फक्त तुला म्हणतोय.)

तेव्हापासून दर रविवारी मी जातो, गातो, आणि नदीपलीकडच्या कॉलेजचं खेचर आपल्या गाण्यावर जेवतं. एकदा तर त्यांचा बँडमास्तरच अचानक तबेल्यात आला. मी ऐन दुसऱ्या कडव्यात. शब्द नव्हते, नुसतं गुणगुणणं होतं, म्हणून वाचलो. त्याने विचारलं, हे काय चाललंय? हॉलिस पटकन म्हणाला, “डॉक्टर प्रार्थना करतायत. जुनं स्तोत्र आहे.” बँडमास्तरने टोपी काढली, मान खाली घातली आणि आपलं अख्खं कडवं संपेपर्यंत तसाच उभा राहिला. नंतर डोळे पुसत म्हणाला, “कोणतं स्तोत्र म्हणायचं हे? आमच्याकडे ऐकलं नाही कधी.” हॉलिस म्हणाला, “मेथडिस्ट पंथाच्या चर्चमधलं आहे.” आत्या, त्या एका क्षणासाठी तू तिथे असायला हवी होतीस. नारिंगी बँडमास्तर, उघड्या डोक्याने, मेरिवेदरपुढे!

इथवर सगळं गमतीत होतं. पण गेल्या आठवड्यात त्यांची रंगीत तालीम झाली. बँड वाजला, आणि प्रूडन्स मैदानाच्या तोंडाशी जी थांबली ती हलेना. ओढलं, ढकललं, गाजर दाखवलं. ती बँडकडे पाठ करून उभी राहिली. (तुझी आठवण झाली, खोटं कशाला बोलू.) तेव्हा वरच्या मंडळींपैकी कोणीतरी म्हणालं, शनिवारी ती चालली नाही तर लिलावात काढू आणि तरणं खेचर आणू, न चालणाऱ्या जनावराला पोसायला ही काय धर्मशाळा आहे? त्या वयाचं खेचर लिलावातून कुठे जातं, ते मी तुला सांगायला नको. हॉलिस संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. गाणं शिकायचा त्याने जिवापाड प्रयत्न केला होता, पण पहिल्या शब्दापुढे गाडी जाईना. म्हणाला, “डॉक्टर, मी वाईट माणूस नाही. पण त्या गाण्याने माझा बाप रडलाय, मी रडलोय. ते माझ्या तोंडातून नाही निघत.” आणि तिथेच तो रडला. मी त्याला तुझ्या मुरंब्याची रिकामी बरणी दाखवली, दुसरं द्यायला घरात काही नव्हतं.

तेव्हा आत्या, आता मुद्दा. शनिवारी तू टीव्ही लावशीलच. सामन्याआधी प्रूडन्स मैदानाला फेरी मारेल, आणि तिच्या मानेशी तोंड नेऊन, पोटावर बटण न लागणारा नारिंगी कोट घातलेला जो माणूस दिसेल, तो तुझा भाचा असेल. लाज वाटून घेऊ नकोस. कोटाच्या आत जांभळा बनियान आहे. माझे ओठ हलताना दिसले तर मी काय म्हणतोय ते तुला कळेल, आणि त्या अख्ख्या मैदानात दुसऱ्या कोणाला कळणार नाही. त्यांचं खेचर, त्यांच्या घरात, त्यांच्या सगळ्या लोकांसमोर, आपल्या गाण्यावर चालेल. आजोबांना हे सांगता आलं असतं तर त्यांनी गाजरं पुन्हा लावली असती. लामारला यातलं काही सांगू नकोस. पाद्रींना सांग की मी रविवारी आजाऱ्याची सेवा करत होतो. ते खोटं नाही.

गुडघ्याला तेल चोळत जा. खारींना माझा शाप सांग.

तुझा आज्ञाधारक (बहुतेक बाबतींत) भाचा,
ओरेन

ता. क. एक विचारायचं राहिलं. आपल्या गाण्याला तिसरं कडवं आहे असं तू म्हणायचीस. तुझ्या वेळच्या कॉलेजच्या गायकवृंदात ते म्हणत असत. आता ते कोणालाच येत नाही. मी इथल्या सगळ्या जांभळ्यांना आडून आडून विचारलं. मला दोनच येतात, आणि रिकाम्या मैदानात चालवून बघितलं तर दोन कडव्यांत प्रूडन्स शेवटच्या वळणापर्यंतच पोचते. पुढे एका कडव्याएवढी वाट उरते. तेवढं कडवं लिहून पाठव. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. पहिलंच कडवं पुन्हा म्हण, असं म्हणू नकोस. करून बघितलं. ‘ला ला ला’ सुद्धा करून बघितलं. तिने थांबून माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेत पाढे चुकल्यासारखं झालं.

ता. क. ३. हॉलिस आत्ता इथेच बसलाय. त्याचा निरोप असा, की अक्षर मोठं काढा. पहिली दोन डॉक्टरांनी म्हणावीत, तिसरं तो स्वतः म्हणणार आहे. म्हणतो, ते त्याने जन्मात ऐकलेलं नाही, तेव्हा त्याचा राग यायला त्याला अजून वेळच मिळालेला नाही. त्या कडव्यात टोकोवाला काय काय म्हटलंय ते मला अंधुक आठवतंय. शनिवारपर्यंत मी त्याला अर्थ विचारू देणार नाही.