जागृतीचा बोलणारा लॅपटॉप

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार
अखेर माझ्या अनुभवाचं चीज होणार. शेजारच्या अंबूबाईची जागृती आली होती. बीकॉम झालीय, डोळ्यांनी दिसत नाही. कुंभिवलीच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची जागा एक डिसेंबरला रिकामी होतेय. तिला घ्यायला तयार आहेत, पण स्क्रीन वाचून दाखवणारा लॅपटॉप तिने आणायचा. म्हटलं, सोड माझ्यावर. पॉवरहाउसच्या ऑफिसात छत्तीस वर्षं पत्रव्यवहार केलाय. दर मंगळवारी चारला यायचं ठरलं.

१६ सप्टेंबर
मुंबईच्या सात ट्रस्टांची यादी तयार. अर्जाची प्रस्तावना तिला वाचून दाखवली. म्हणाली, "काका, छान हाय, पन माझं नाव कुठं हाय?" नाव तिसऱ्या परिच्छेदात येईल. ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी असतो, तिथे विचारू का म्हणाली. हसलो. पंचायत गटारं बांधते. मोठ्या ठिकाणीच मागावं.
कांदाभजी केली होती. तिला आवडली. सात वाजेपर्यंत बसली.

१४ ऑक्टोबर
'विनंती' की 'नम्र विनंती'? पुढच्या मंगळवारी तिच्याशी बोलून ठरवू. घाई नडते.

१८ नोव्हेंबर
'नम्र' पक्कं. म्हणाली, "काका, बाराच दिवस ऱ्हायले. मी मोबाइलवरून ईमेल करू का?" ईमेलला वजन नसतं, हे समजावलं. मग पॉवरहाउसचे दोन किस्से सांगितले.

२५ नोव्हेंबर
आली नाही. सर्दी असेल. संकल्प: उद्या सातही अर्ज स्पीड पोस्टाने.

२६ नोव्हेंबर
स्टेपलरच्या पिना संपल्या.

२८ नोव्हेंबर
माय-लेकी पेढे घेऊन आल्या. लॅपटॉप मिळाला! ग्रामपंचायतीतून. अंबूबाई म्हणाली, "भावजी, सप्टेंबरातच निस्ता एक कागद दिलेला. ग्रामसेविका बोलली, कोन मागायलाच येत नाय." वाचून दाखवणारा प्रोग्रॅम म्हणे फुकटच मिळतो. चौक गावच्या कॉम्प्युटरवाल्या अझहरने तो लॅपटॉपमध्ये घालून दिला. त्या प्रोग्रॅमच्या खर्चावर माझे दोन परिच्छेद होते.
म्हणजे ऑक्टोबरभर ती यायची ते कशाला? अर्जाचा दर्जा समजून घ्यायला असणार. मागायची हिंमत तिला माझ्यामुळेच आली, हे उघड आहे.
जाताना म्हणाली, "काका, आता मंगळवारी जमनार नाय. ड्युटी." म्हटलं, मलाही वेळ नसतोच.

२ डिसेंबर, मंगळवार
भजी जास्त झाली. पीठ भिजवताना अंदाज चुकला.

९ डिसेंबर, मंगळवार. दुपारी ४.१०
लॅपटॉप नीट चालतो का, ही चौकशी करणं मार्गदर्शकाचं कामच. कारखान्यात फोन लावला. तिनेच उचलला. "नमस्कार, कोणाशी बोलायचंय?" 'ण' अगदी जपून म्हटला. चांगलं वाटलं.
तिने पुन्हा विचारलं, कोणाशी बोलायचंय?
उत्तर सोपं होतं. राँग नंबर, म्हटलं.
"हरकत नाही, सर," म्हणाली आणि ठेवला.
दोनच शब्द बोललो मी. दोन शब्दांत आवाज कसा ओळखणार?